आखूड दोरा नाकाकडे, लांब दोरा कानाकडे

पेठेतल्या त्या बारा खाटांच्या रुग्णालयात उत्तरेश्वर देवकर यांचे पद नेमके कोणते, हे तिथे कोणालाच चटकन सांगता आले नसते. पगारपत्रकावर ‘मदतनीस’ असे लिहिलेले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी अंथरायच्या हिरव्या चादरी, डॉक्टरांचे अंगरखे, रुग्णांचे गाऊन शिवणे, उसवलेले सांधणे आणि वाफेच्या यंत्रात घालण्यासाठी त्यांच्या घड्या करणे, हे त्यांचे मूळ काम. त्याला पुढे दुसरे एक काम जोडले गेले. शरीरातून काढलेला तुकडा तपासणीसाठी बाटलीतून लॅबमध्ये पोहोचवायचा. पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भाशय, गाठी. इतर ठिकाणी ही बाटली नातेवाइकाच्या हाती देतात आणि तो ती सांभाळत रिक्षा शोधत फिरतो. इथले मालक, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्या डॉ. गोपाळकृष्णांना ते पसंत नव्हते. माणूस आत टेबलावर असताना त्याच्या भावाने त्याच्याच देहाचा तुकडा हातात धरून सिग्नलला उभे राहावे, हे त्यांना अशोभनीय वाटे. म्हणून गेली अकरा वर्षे बाटल्या उत्तरेश्वरांकडे होत्या. अकरा वर्षांत एकही हरवली नव्हती, सांडली नव्हती, उशिरा पोहोचली नव्हती.

बाटलीत काय आहे, हे त्यांना माहीत असे. ते कशासाठी तपासतात, हेही ढोबळमानाने माहीत असे. बाटलीबरोबरच्या कागदावर काय लिहिलेले असते, हे मात्र त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. कागद इंग्रजीत असे आणि पाकीट चिकटवलेले असे. ज्याच्या हातून वस्तू जाते त्याला तिचा अर्थ सांगण्याची गरज नसते, अशी एक समजूत आपल्या संस्थांमध्ये इतकी मुरलेली आहे, की ती समजूत आहे हेदेखील कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्यांचे गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंबच्या अलीकडे. शिवणकाम ते चुलते कोंडीराम यांच्या हाताखाली शिकले. बाविसाव्या वर्षी पुण्यात आले ते खडकीला, एका ठेकेदाराच्या कारखान्यात लष्करी गणवेश शिवायला. तिथला तपासनीस निवृत्त सुभेदार होता. तो टाके नंतर बघे, आधी दोरे बघे. खिशाच्या कोपऱ्यावर, काजाच्या टोकाशी, कुठेही सुटा दोरा लोंबताना दिसला की पन्नास नगांचे अख्खे बंडल परत. सुटा दोरा ठेवणारा माणूस आतूनही कच्चाच शिवतो, असे त्याचे मत होते. उत्तरेश्वरांनी तिथे सतरा वर्षे काढली. त्यांच्या हातचे बंडल पहिली दोन वर्षे सोडली तर कधी परत आले नाही. शर्टाच्या खिशात एक छोटी, वाकड्या टोकाची कात्री असे, आणि सुटा दोरा दिसला की ती हातात कधी आली हे त्यांना स्वतःलाही कळत नसे. पुतण्याच्या लग्नात, मंगलाष्टके चालू असताना, त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीचा लोंबणारा दोरा कापला होता. त्यांची पत्नी द्वारका तो प्रसंग अजून सांगते. “अंतरपाट धरलेला, भटजी बघतोय, अन् ह्यांची आपली कात्री बाहेर.”

ठेका गेला, कारखाना बंद पडला, आणि उत्तरेश्वर या रुग्णालयाच्या तळघरातल्या शिलाई यंत्रामागे येऊन बसले. नव्या कामात त्यांना एक गंभीर समाधान मिळाले. गणवेश घालून माणूस काय करतो हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. इथे त्यांनी शिवलेल्या चादरीखाली माणूस झोपत होता आणि बहुधा बरा होऊन उठत होता.

श्रद्धा तिथे आली ती गेल्या फेब्रुवारीत. वय सव्वीस, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी. बरोबर आई, दीपमाला, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. श्रद्धाच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली, तांबूस-जांभळट रंगाचा एक टणक फुगवटा होता. जुन्या व्रणासारखा दिसे. दुखत नव्हता, खाजत नव्हता. एकोणिसाव्या वर्षी तो मुगाच्या दाण्याएवढा होता तेव्हा कोणीतरी त्याला मुरुमाचा डाग म्हटले. पुढे एका दवाखान्यात तो चरबीची गाठ म्हणून काढला गेला आणि काढलेला तुकडा कचऱ्यात गेला. कोणी तपासायला पाठवला नाही. दोन वर्षांनी तो तिथेच परत आला, जरा रुंद होऊन. या वेळी डॉ. आमोद यांनी, जे या रुग्णालयात आठवड्यातून दोनदा शस्त्रक्रियेसाठी येत, आधी एक कण तपासून घेतला. निदान झाले ते त्वचेच्या एका दुर्मीळ गाठीचे.

“हिची एक सवय चांगली आहे आणि एक वाईट,” डॉ. आमोद मायलेकींना म्हणाले होते. “चांगली ही, की ती सहसा दूरच्या अवयवांत जात नाही. वाईट ही, की जिथे आहे तिथे हरळीसारखी पसरते. वर चार पाती दिसतात आणि जमिनीखाली वीतभर मुळं. वरवर काढली की परत येते, म्हणून कडेपर्यंत जावं लागतं. आता कड कुठे आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं.”

त्यासाठी त्यांनी ठरवलेली रीत अशी. गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह काढायची. जखम लगेच शिवायची नाही, नुसती पट्टी बांधून ठेवायची. लॅब तुकड्याच्या सगळ्या कडा तपासेल. जिथे रोगाच्या पेशी कडेपर्यंत आलेल्या दिसतील, तेवढ्याच बाजूला पुन्हा काढायचे. चेहऱ्यावर जागा मुळात थोडी असते. त्यात डोळ्याजवळ एकेका मिलिमीटरला किंमत असते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी श्रद्धाच्या गाऊनचा बंद तुटला होता. तो लावायला उत्तरेश्वर सुई-दोरा घेऊन वर आले.

“काका, हा गाऊन तुम्ही शिवलाय?”

“हो.”

“कोणाच्या मापाने?”

“कोणाच्याच नाही, ताई. सगळ्यांना बसला पाहिजे.”

“म्हणजे कोणालाच बसत नाही.” ती हसली. मग म्हणाली, “दहा लाखांत चारजणांना होतं म्हणे हे. लॉटरीचं तिकीट मी कधी घेतलंच नाही बघा.”

“तू गप्प बस जरा,” दीपमालाताई म्हणाल्या. “काकांना सुई टोचेल.”

तुकडा काढून झाला तेव्हा साडेअकरा वाजले होते. लंबगोल, आडवा, बोटाच्या दोन पेरांएवढा. डॉ. आमोद यांनी त्याच्या दोन टोकांना काळ्या रेशमी दोऱ्याचा एकेक टाका घातला. नाकाकडच्या टोकाचा दोरा आखूड ठेवला, कानाकडच्या टोकाचा लांब ठेवला, आणि कागदावर तसे लिहिले. देहापासून सुटलेल्या त्या लहानशा तुकड्याची दिशा आता फक्त या दोन दोऱ्यांच्या लांबीत शिल्लक होती. अस्मिता सिस्टरांनी तो फॉर्मालिनच्या बाटलीत सोडला, झाकण लावले, पाकीट जोडले आणि बाटली उत्तरेश्वरांच्या हाती दिली. पुढचा रुग्ण टेबलावर चढत होता.

जिन्याच्या वळणावर बोटे ओली लागली आणि नाकाला तो झोंबणारा वास आला. बाटली झिरपत होती. त्यांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि पाहिले. एका काळ्या दोऱ्याचे टोक झाकणाच्या आट्यात अडकून बाहेर आले होते. झाकण उघडले. दोरा मोकळा केला. तो पुन्हा अडकणार हे उघड होते, म्हणून कात्री काढून कापला. मग दुसऱ्या टोकाचा दोरा दिसला, जरा वेगळ्या लांबीचा. एक नीट आणि दुसरा तसाच लोंबता, हे त्यांच्या हाताला पटले नाही. त्यांनी दोन्ही सारखे केले. झाकण आता गच्च बसले. बाटली कोरडी पुसून ते निघाले, आणि टिळक रस्त्यावरच्या लॅबपर्यंत चालत जाताना काम नीट झाल्याचा आनंद त्यांच्या मनात होता, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले. ते सांगण्याची त्यांना गरज नव्हती.

लॅबच्या खिडकीवर साईनाथ बसे. त्याने पाकीट फोडले, कागद वाचला, बाटली उजेडाकडे धरली.

“देवकरकाका, जरा थांबा. इथे लिहिलंय, आखूड दोरा नाकाकडे, लांब दोरा कानाकडे. मला तर दोन्ही एकाच मापाचे दिसतायत.”

उत्तरेश्वरांना तेव्हा, त्या खिडकीपाशी उभ्या उभ्या, आपण काय केले ते समजले. सगळे समजले नाही, पण दोरे हे दोरे नव्हते एवढे समजले.

“आत तुटला की काय एक?” साईनाथने विचारले. “सरांना फोन लावू?”

“सर दुसऱ्या ऑपरेशनला आहेत.”

हे खरे होते. उत्तरेश्वर खाली वाकले. तुकडा बाटलीच्या तळाशी, किंचित कलता. त्यांनी काचेवर बोट ठेवले. “हा. ह्या टोकाचा लांब होता.”

“नक्की?”

“मी बघितलाय ना.”

हेही खरे होते. दोन खऱ्या वाक्यांच्या मध्ये जे राहिले ते साईनाथला दिसण्याचे कारण नव्हते. अकरा वर्षांत या माणसाची एकही बाटली चुकली नव्हती. त्याने त्या टोकाला एक टाचणी लावली आणि नोंद करून घेतली.

खोटे बोलायचे ठरवून माणसे खोटे बोलतात, असे आपण धरून चालतो. उत्तरेश्वरांनी काहीही ठरवले नव्हते. कापले, हे कबूल करण्याच्या लाजेतून त्यांच्या तोंडून एक उत्तर निघाले आणि ते उत्तर शाईने लिहिले गेले. परतताना ते स्वतःशी हिशेब मांडत राहिले. झाकणात अडकला तो दोरा लांबच असणार. अडकलेला आपण आधी कापला. आधी कापलेले टोक ते, जिथे तुकडा जरा रुंद होता. म्हणून तो कानाकडचा. प्रत्येक पायरी पटण्यासारखी होती. पण तुकडा द्रावावर उचलला गेला असेल तर आखूड दोराही अडकू शकतो. आणि झाकण उघडल्यावर तुकडा बाटलीत एकदा फिरला होता, हेही आठवत होते. जितके आठवावे तितके, आठवणे कुठे संपते आणि अंदाज कुठे सुरू होतो ते पुसट होत गेले.

सहा दिवस गेले. श्रद्धा दर दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला येई. गालावर शिवलेली जखम नव्हती, पट्टीखाली उघडी जागा होती. तिने घरातला आरसा उलटा करून ठेवल्याचे दीपमालाताईंनी सिस्टरांना सांगितले. ऑफिसचे काम ती घरून करत होती. “मीटिंगमध्ये सगळेच कॅमेरा बंद ठेवतात,” ती म्हणाली. “त्यामुळे मी एकटी विचित्र दिसत नाही.”

सातव्या दिवशी अहवाल आला. डॉ. आमोद यांनी तो ड्रेसिंगच्या खोलीत सांगितला. उत्तरेश्वर तेव्हा कपाटात धुतलेल्या चादरी लावत होते.

“तीन बाजू स्वच्छ आहेत. वरच्या कडेला, नाकाकडच्या अर्ध्या भागात, पेशी कडेपर्यंत आल्यात. थोड्याथोडक्या नाहीत, चांगल्या रुंद पट्ट्यात. म्हणजे खालच्या पापणीखाली अजून आहे.”

“म्हणजे पापणी कापणार?” श्रद्धाने विचारले.

“पापणीचा काही भाग. तिथे कानामागची त्वचा लावू. पण पापणी खाली ओढली जाऊ शकते. डोळा पूर्ण मिटेल, अशी खात्री मी आज देणार नाही.”

“आणि हेच कानाकडे निघालं असतं तर?”

“तर एवढं बोलायची वेळ आली नसती. कानाकडे जागा भरपूर आहे.”

शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली. तो मंगळवार होता.

उत्तरेश्वरांनी चादरी लावून संपवल्या. ज्या टोकावर त्यांनी बोट ठेवले होते ते कानाकडचे, म्हणून दुसरे नाकाकडचे. त्या एका बोटावरून आता या मुलीची पापणी जाणार होती. बोट बरोबर असेल तर ती जायलाच हवी होती. चूक असेल तर तुकडा उलटा वाचला गेला होता, टोकांबरोबर वरची-खालची कडही. मग रोग होता गालाच्या खालच्या बाजूला, कानाकडे, आणि तिथे कोणी हात लावणार नव्हते. पापणी फुकट जाणार होती आणि हरळी गालात तशीच राहणार होती.

संध्याकाळी, खडकी बाजारामागच्या आपल्या दोन खोल्यांत, त्यांनी हे द्वारकेला सांगितले. ती मेथी निवडत होती. निवडता निवडता तिने सगळे ऐकून घेतले.

“तुमाला खात्री किती हाय?” तिने शेवटी विचारले.

“दहात सात.”

“मग ते तीन कुणाच्या तोंडावर टाकायचे?”



“नोकरी जाईल,” ते म्हणाले.

“जाईल की. मी कुठं न्हाई म्हणते.” तिने काड्या वेगळ्या केल्या. “अन् सात बरोबर निघाले तर लोक म्हणतील, उगा बोलला. तेबी ऐकायची तयारी ठिवा.”

दुसऱ्या दिवशी डॉ. आमोद बाह्यरुग्ण तपासायला आले, तेव्हा उत्तरेश्वर त्यांच्या खोलीच्या दाराशी उभे होते.

“काय देवकर, पगारवाढ मोठ्या डॉक्टरांकडे असते, माझ्याकडे नाही.”

“सर, श्रद्धाताईंचे दोरे मी कापले.”

त्यांनी सगळे सांगितले. झिरपणारी बाटली, कात्री, दोन्ही सारखे केले ते, लॅबची खिडकी, काचेवर ठेवलेले बोट. डॉ. आमोद यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वीस वर्षं मी दोरे घालतोय,” ते म्हणाले. “ते कापणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. आपण पहिले.”

“हो, सर.”

“लॅबमध्ये नक्की का म्हणून विचारल्यावर नक्की म्हणालात.”

“नक्की नाही म्हणालो. बघितलाय, म्हणालो.”

“वा. वकील व्हायचं होतं.” मग ते आवाज बदलून म्हणाले, “कापलं ते समजू शकतो. बोट का ठेवलंत?”

“लाज वाटली, सर.”

डॉक्टरांनी लॅबच्या डॉ. हेमा यांना फोन लावला. त्वचेच्या जाडीवरून, केसांच्या मुळांवरून टोके ओळखता येतील का, असे विचारले. हेमाबाईंनी काचपट्ट्या पुन्हा काढून पाहिल्या आणि तासाभराने कळवले, की छातीठोकपणे सांगता येणार नाही. डॉ. आमोद बराच वेळ कागदावर लंबगोल काढत बसले. मग म्हणाले, “फोटो काढून ठेवला असता तर हा प्रश्नच आला नसता. तो मी काढला नाही. हेही लिहिलं जाईल.”

त्यांचा निर्णय असा झाला. पापणी आधी नाही. गुरुवारी गालाच्या खालच्या बाजूची, कानाकडची कड काढायची आणि तपासायची. तिथे रोग सापडला तर पापणी वाचली. नाही सापडला तर पापणीकडे वळायचे. किंमत एकच, पण ती श्रद्धाने द्यायची होती. आणखी एक आठवडा उघडी जखम, आणि गालावर एक जादा व्रण.

“तिला कारण सांगावं लागेल,” डॉ. आमोद म्हणाले. “मी सांगेन.”

“मी सांगतो, सर. तुम्ही बाजूला असा.”

श्रद्धा खुर्चीत बसली होती, अर्धा चेहरा पट्टीखाली. उत्तरेश्वरांनी उभ्यानेच सांगितले, जसे डॉक्टरांना सांगितले तसेच, काही कमी न करता. दीपमालाताई आधी उठून उभ्या राहिल्या, मग बसल्या. “आम्ही विश्वासाने दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “अहो, विश्वासाने.”

“हो,” उत्तरेश्वर म्हणाले.

श्रद्धाने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले. एकाच डोळ्याने पाहिल्यामुळे ती नजर अधिक रोखलेली वाटत होती.

“तुम्ही आज नसतं सांगितलं तर मला कळलं असतं?”

“नाही.”

“कधीच?”

“परत आली असती गाठ, तर लोक म्हणाले असते, ही येतेच परत.”

“पहिल्यांदा तेच म्हणाले,” ती म्हणाली. “ज्यांनी कचऱ्यात टाकली ते. त्यांनाही माहीत होतं का कोण जाणे.” मग डॉक्टरांकडे वळून, “ठीक आहे. खालची बाजू आधी. पण काका, मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये.”

“बरं, ताई.”

त्याच दुपारी मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून लेखी समज दिली. बाटल्यांचे काम काढून घेतले, शिलाई राहिली. समज इंग्रजीत होती. सही करण्यापूर्वी उत्तरेश्वरांनी पहिल्यांदाच विचारले, “सर, यात काय लिहिलंय ते वाचून दाखवाल?” मोठ्या डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि वाक्यावाक्याचा अर्थ सांगत कागद वाचून दाखवला.

गुरुवारी खालची कड काढली गेली. या वेळी डॉ. आमोद यांनी फोटो काढला, दोऱ्यांना वेगवेगळे रंग घेतले आणि बाटली नेणाऱ्या वॉर्डबॉयला समोर उभे करून कागद मराठीत सांगितला. पुढच्या बुधवारी अहवाल आला. तुकडा पूर्ण स्वच्छ होता. रोगाची एकही पेशी नव्हती.

याचा अर्थ उत्तरेश्वरांचे बोट बरोबर होते.

अस्मिता सिस्टर तळघरात आल्या. त्यांना राग आला होता, पण नेमका कोणाचा, हे त्यांनाही ठरवता येत नसावे. “काय मिळवलंत देवकरमामा? तुम्ही म्हणालात तेच निघालं. गप्प बसला असतात तर त्या पोरीचा गाल वाचला असता, आठवडा वाचला असता, तुमचं काम वाचलं असतं. माझंही नाव आलं घडल्या प्रकाराच्या नोंदीत, झाकण नीट न लावल्याबद्दल.”

“हो, सिस्टर.”

“एवढंच?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

सिस्टरांनी दोन धुतलेले अंगरखे उचलले आणि त्या वर गेल्या. उत्तरेश्वरांनी यंत्राचे पायडल चालवले, पण सुई दोनदा त्याच जागी उतरली. त्यांच्या एका वाक्याने एका मुलीच्या गालावर बोटभर रेघ ओढली गेली होती आणि ती रेघ, आता मागे वळून पाहता, अनावश्यक होती. हे नाकारण्याचा कोणताही प्रामाणिक मार्ग नाही. कृतीचे मोल निष्कर्षावरून करायचे तर उत्तरेश्वरांनी चूक केली, दोनदा केली, आणि दुसरी चूक खरे बोलण्याची होती. पण मंगळवारी संध्याकाळी निष्कर्ष कोणाच्याच हाती नव्हता. हातात होते ते दहापैकी तीन, आणि ते तीन ज्याच्या चेहऱ्यावर पडणार त्या माणसाला त्याची खबर नव्हती. उत्तरेश्वरांनी असा युक्तिवाद स्वतःसाठी केला नाही. द्वारकेने विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, की सात निघाले.

पापणीची शस्त्रक्रिया शुक्रवारी झाली. तिथे रोग होता, सांगितल्याप्रमाणे रुंद पट्ट्यात. त्यापलीकडची कड स्वच्छ आली. त्यानंतर कानामागची त्वचा लावून जखम बंद केली, आणि जवळजवळ महिनाभराने श्रद्धाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उघडी जागा उरली नाही.

टाके काढायच्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीतल्या दिव्याचे कापडी आवरण फाटले होते. ते बसवायला उत्तरेश्वरांना वर बोलावले. श्रद्धा आत आहे हे कळल्यावर ते दाराशीच थांबले. डॉ. आमोद यांनी मान हलवून त्यांना आत घेतले.

टाके निघाले. पापणीखाली नव्या त्वचेचा फिकट चौकोन होता. गालाच्या खालच्या बाजूला, कानाकडे जाणारी, एक सरळ लाल रेघ.

“आता डोळा मिटा,” डॉक्टर म्हणाले. “जोर न लावता. झोपताना मिटतो तसा.”

श्रद्धाने डोळे मिटले. डावा मिटला. उजव्याच्या पापण्यांमध्ये एक बारीक पांढरी फट राहिली. दीपमालाताईंनी मुलीचा हात धरला होता तो आणखी घट्ट धरला.

“सूज उतरली की थोडं भरून येईल,” डॉ. आमोद म्हणाले. “सगळं भरेल असं म्हणत नाही. रात्री मलम घालून पट्टी लावायची. गाठ मात्र गेली. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, पाच वर्षं.”

“पाच वर्षं,” श्रद्धा म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. “म्हणजे डॉक्टर, आता डोळा मिटला तरी मला तुम्ही दिसत राहणार.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी अहवालाची प्रत तिच्या हातात दिली आणि ते हात धुवायला गेले. श्रद्धाने डोळे उघडले. खोलीत दिव्यापाशी उभा असलेला माणूस तिला तेव्हा दिसला. गालावरच्या लाल रेघेवर तिने बोट ठेवले, टोकापासून टोकापर्यंत नेले, आणि खाली घेतले.

“काका,” ती म्हणाली, “तो दिवा डोळ्यावर येतोय. जरा तिकडे करता?”

उत्तरेश्वरांनी दिवा भिंतीकडे वळवला. उजेड तिच्या चेहऱ्यावरून पूर्ण सरकला की नाही, हे त्यांनी तिला विचारून घेतले.